चौथा नॉब

सेलूत उद्धव सरांच्या कानाचा दबदबा होता. दबदबा तहसीलदाराचा असतो, फौजदाराचा असतो. सेलूत तो कॉलेजातल्या फिजिक्सच्या लॅब असिस्टंटच्या कानाचा होता. कुणाची पेटी उतरली, कुणाच्या देवळातल्या भोंग्याला खरखर लागली, कुणाच्या कीबोर्डची एक पट्टी कणसूर बोलायला लागली, की सरांना बोलावणं जायचं. उद्धव जायचा, डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहायचा आणि नेमकं बोट ठेवायचा. असं वीस वर्षं चाललं की माणसाला वाटायला लागतं, देवानं आपल्याला दिले ते कान, आणि बाकीच्यांना दिल्या त्या चष्मा अडकवायच्या खुंट्या.

त्याचा खरा जीव होता गिटारच्या पेडलमध्ये. गिटारवाले पायाशी एक पत्र्याची डबी ठेवतात. पायानं बटण दाबलं की गिटारचा कोरडा आवाज एकदम मोठ्या सभागृहात वाजवल्यासारखा घुमायला लागतो, नाहीतर डोंगरावर आपटून परत आल्यासारखा एकामागे एक येतो. ही डबी म्हणजे पेडल. बाजारात चांगलं घ्यायचं तर आपल्याकडच्या गिटारवाल्यांची छाती होत नाही, म्हणून परभणी, नांदेड, लातूरची पोरं उद्धवकडे यायची. तो घरच्या बाहेरच्या खोलीत, भिंगाखाली मान मोडून, सोल्डरिंग गननं पेडल बनवायचा.

आधी तो जुन्या पद्धतीनं बनवायचा, पुष्कळ सुटे भाग जोडून. मग त्याला ती चिप मिळाली. नखाएवढी, अठ्ठावीस पायांची. हिची गंमत अशी की हिला स्वतःचं काही येत नाही. आवाजाचं काय करायचं ते आपण कॉम्प्युटरवर आकड्यांत लिहायचं, शेजारच्या छोट्या मेमरीत भरायचं, आणि मग चिप ते वाचून तसं वागते. घुमारा लिहा, घुमारा देते. पडसाद लिहा, पडसाद देते. असे आठ प्रोग्रॅम एका मेमरीत बसतात. ज्या दिवशी पहिला प्रोग्रॅम चालला त्या दिवशी उद्धव जेवला नाही, आणि हेमानं, त्याच्या बायकोनं, नवऱ्याला बरं नाही असं समजून मुगाची खिचडी टाकली होती.

या चिपला फिरवायचे नॉब मात्र तीनच लावता येतात. उद्धवनं एक दिला घुमारा किती त्याला, दुसरा तो किती वेळ टिकावा त्याला, तिसरा पडसाद किती अंतरानं यावा त्याला. उरली आवाजाची धार, म्हणजे वरच्या बारीक आवाजाला किती वाट द्यायची ती. बाकीचे कारागीर धारेला हटकून एक नॉब देतात, ज्यानं त्यानं आपापल्या कानाला पटेल तशी ठेवावी. उद्धवनं ती प्रोग्रॅममध्येच आकडा घालून कायमची बसवून टाकली. शून्य आणि एकच्या मधला आकडा. जितका मोठा, तितकी धार जास्त. कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "वरणात मीठ किती टाकायचं ते पंगतीतला ठरवतो का? आचारी ठरवतो." पोरं हसायची आणि गप्प बसायची, कारण आचारी चांगला होता.

आणि प्रत्येक पेडल आधी वाजवून बघायची ती अबोली, त्याची एकुलती एक मुलगी. आठव्या वर्षी तिच्या हातात गिटार दिली तेव्हा ती गिटारमागे दिसायची नाही. आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती वाजवायची, बाप डोळे मिटून ऐकायचा, उठून कॉम्प्युटरवर आकडा बदलायचा, ती पुन्हा वाजवायची. हेमा स्वयंपाकघरातून म्हणायची, "एकच ओळ किती वेळा? मला सुद्धा पाठ झाली आता." घरात बापलेकीचं भांडण असं कधी नव्हतं.

दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुमाराला उद्धवला पहिल्यांदा आवाज बसका वाटला.

"तार जुनी झाली का गं?"

"मागच्याच महिन्यात बदललीय की बाबा."

तरी तार बदलली. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. केबल बदलली. अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचा, स्पीकर बदलला. प्रत्येक वेळी आकडा जरासा वर सरकवला की आवाज उघडायचा आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा घोंगडी पांघरून बसायचा. वस्तू बदलून झाल्या, तेव्हा उद्धवची नजर पोरीच्या हातावर गेली.

"जोर लाव," तो म्हणायचा. "बोटात दम नाही तुझ्या. तार दाबायलीस का कुरवाळायलीस?"

अबोली जोर लावायची. बोटांची टोकं सोलपटून निघायची. रात्री हेमा तिला खोबरेल लावायला द्यायची. सकाळी पुन्हा, "जोर लाव." पोरगी उलट बोलणारी नव्हती, आणि मी म्हणतो, तिथंच घात झाला. उलट बोलणारी असती तर हा माणूस वर्षभर आधी शुद्धीवर आला असता.

अबोलीचं एक ठरलेलं होतं. पुण्याला गिटारच्या शिक्षणाचा एक अभ्यासक्रम होता, त्याचा फॉर्म यंदा भरायचा. त्याआधी विद्यापीठाच्या युवक महोत्सवात वाजवायचं, नाव झालं तर फॉर्मला जोड. तिनं स्वतः बसवलेली एक पाच मिनिटांची धून होती. तिच्यासाठी उद्धवनं खास नवं पेडल बनवलं, रंगसुद्धा तिच्या नावाचा दिला, फिकट नारिंगी.

परभणीच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. उद्धव पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर. अबोलीनं धून वाजवली, एकही सूर न चुकवता. उद्धवला वाटलं, आज कुठं जरा आवाज उघडला. मागं खुर्च्यांची चुळबूळ झाली ती त्याच्या ध्यानात आली नाही. निकालात अबोलीचं नाव नव्हतं. परीक्षक नांदेडहून आलेले एक म्हातारे गृहस्थ होते, सभ्य होते, त्यांनी तिला उद्धवसमोरच बाजूला घेऊन सांगितलं, "बाळ, हात तयार आहे तुझा. पण आवाज इतका का टोचतो? कानात सुई गेल्यासारखं होतंय."

परतीच्या गाडीत बाप आणि लेक समोरासमोर बसले. मानवत रोड स्टेशन मागं पडलं तेव्हा उद्धव बोलला, आणि न बोलता तर बरं झालं असतं.

"परीक्षकाला काय घंटा कळतंय. पण त्यानं एक बरोबर धरलं. हातात दम नसला की आवाज पातळ पडतो, आणि पातळ आवाज टोचतो. मी वर्षभर तेच सांगायलोय तुला."

अबोली खिडकीबाहेर बघत होती.

"लहानपणी होतं तुझ्या हातात. आता नाही राहिलं ते," उद्धव म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

घरी आल्यावर अबोलीनं तारा सैल केल्या, गिटार खोळीत घातली आणि स्टूल घेऊन माळ्यावर ठेवली. हेमानं कारण विचारलं. "हातातच नाही तर कामून वाजवायचं?" एवढंच ती बोलली. पुण्याच्या फॉर्मचा विषय हेमानं दोनदा काढला, दोनदा ती उठून गेली. उद्धवला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं बोलल्याचं समाधान असतं ना, ते त्याला जास्त होतं. असलं समाधान फार महाग पडतं, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यालाच मोजावी लागते.

महिना झाला. एका रविवारी सकाळी परभणीहून सारंग आला. हा राणीसावरगावचा शेतकऱ्याचा मुलगा, आता परभणीत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. उद्धवचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं पिशवीतून दोन पेडलं काढली. एक तीन वर्षांपूर्वी नेलेलं, पार खरचटलेलं; दुसरं दोनच आठवड्यांपूर्वीचं, नवंकोरं.

"सर, नाराज होऊ नका," सारंग खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला. "नवं पेडल लय टोचायलंय. परवा वालूरच्या लग्नात वाजवलं, तर म्होरची लेकरं कानावर हात ठिवून पळाली."

"मिक्सरवाल्याला विचार. त्यानं केलं असंल काहीतरी."

"मिक्सरवर माझाच सख्खा भाऊ असतो सर."

"मग स्पीकर."

"स्पीकर बी तेच हाय. जुनं लावलं की लोण्यावानी, नवं लावलं की टोचतंय. तुमी सोता ऐका की."

त्यानं गिटार जोडली आणि जुन्या पेडलवर एक ओळ वाजवली. उद्धवनं डोळे मिटले. शेजारच्या घरात कुणी वाजवतंय असा आवाज आला, भिंतीपलीकडून. मग नव्यावर तीच ओळ. आवाज खोलीत आला, समोर बसला. हा खरा आवाज. उद्धव डोळे उघडून काही बोलणार, तर सारंगचे खांदे कानापर्यंत वर गेलेले, आणि स्वयंपाकघराचं दार हेमा आतून लोटून घेत होती. फोडणीचा ठसका असेल, असं उद्धवला वाटलं.

"सारंग, तुला आता मंडपातल्या ढणढणाटाची सवय लागली," तो म्हणाला. "चांगलं ऐकायची सवय मोडली तुझी."

सारंगचा चेहरा उतरला. तरी त्यानं पायरी सोडली नाही. "तसं बी असंल सर. दोन्ही ठिवून जातो. जमलं तर जुन्यावानी करून द्या. न्हाई जमलं तर जुनंच द्या, मी भागवतो." पाया पडून तो निघून गेला.

उद्धवचं डोकं तापलं. बोर्ड तोच, चिप तीच, प्रोग्रॅम तोच. धारेचा आकडा अधूनमधून केसभर सरकवला असेल, तेवढ्यानं कुणाचे कान टोचत नाहीत. मग फरक येईलच कसा? दोन्हीत काही फरक नाही हे कागदावर दाखवून सारंगचं तोंड बंद करावं म्हणून त्यानं कॉम्प्युटर लावला. त्याला लॅबची एक सवय होती. प्रोग्रॅममध्ये काहीही हलवलं की फाईल नव्या नावानं ठेवायची, वर तारीख टाकायची आणि का हलवलं ते एका ओळीत लिहायचं. त्यानं जुनी आणि नवी फाईल शेजारी शेजारी उघडली. सव्वाशे ओळी. सगळ्या सारख्या. एक सोडून.

धारेचा आकडा जुन्यात पॉइंट अडतीस होता. नव्यात पॉइंट ब्याऐंशी.

एवढा? त्याला वाटलं, लिहिताना चूक झाली. म्हणून त्यानं मधल्या फायली उघडल्या, तारखेनं, एकेक. पॉइंट अडतीसच्या वर लिहिलं होतं, "अबोलीनं वाजवलं. गोड." पुढची पॉइंट चव्वेचाळीस: "आवाज किंचित बसका. तार जुनी असावी." मग पॉइंट एक्कावन्न: "तार नवी, तरी बसका. केबल?" पॉइंट साठ: "स्पीकर बदलला. फरक नाही." त्यानंतर तार, केबल, स्पीकर यांची नावं संपली होती. पॉइंट अडुसष्ट: "अबोलीचा हात हलका पडतो." पॉइंट पंच्याहत्तर: "अबोली जोर लावत नाही." आणि युवक महोत्सवाच्या आठ दिवस आधीची पॉइंट ब्याऐंशी: "अबोलीचा हात कमजोर झाला आहे. इलाज नाही, आवाज उघडला."

दर वर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला उद्धव पोरांना एक वाक्य सांगायचा. प्रयोगातलं एकेक करून सगळं बदलून पाहिलं आणि तरी उत्तर चुकीचंच येत राहिलं, तर जे बदललं नाही त्यात दोष शोधा. पोरं ते वहीत लिहून घ्यायची. आता त्यानं यादी केली. तार बदलली, केबल बदलली, स्पीकर बदलला, आणि शेवटी पोरीलाच बदलायला निघाला. या सगळ्यात एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून बदललेली नव्हती, आणि ती त्या खुर्चीवर डोळे मिटून बसलेली असायची.

तरी माणूस हट्टी. पुराव्याशिवाय ऐकणार नव्हता.

सोमवारी दुपारी लॅब रिकामी होती. त्यानं ऑसिलेटर काढला. या यंत्रातून पाहिजे तेवढा जाड किंवा बारीक सूर निघतो. त्याला स्पीकर जोडला, आणि सूर डोळ्यांना दिसावा म्हणून पडद्याचं यंत्रही लावलं. सेकंदाला एक हजार कंपनांवर सूर स्वच्छ आला. दोन हजारावर आला. तीन हजारावर सूर दाराआड गेल्यासारखा झाला. चार हजारावर काहीच नाही. पडद्यावर मात्र हिरवी लाट ठणठणीत नाचत होती. त्यानं स्पीकरची वायर हलवून बघितली. आवाज वाढवला. अजून वाढवला. लाट पडद्याबाहेर जायला लागली, आणि त्याच्या कानात लॅबच्या पंख्याची घरघर सोडून काही नव्हतं.

दार ढकलून दुसऱ्या वर्षाच्या दोन मुली आत आल्या आणि उंबऱ्यावरच कानांवर तळवे दाबून वाकल्या. "सर, बंद करा की ते!" वैष्णवी नावाची मुलगी ओरडली. "काय करायलाव हे? बाहेर मैदानापर्यंत यायलंय!"

उद्धवनं बटण बंद केलं. मुलींनी कानावरचे हात काढले. त्याच्यासाठी आधी आणि नंतर यात काही फरक पडला नव्हता.

घरी आला तेव्हा हेमा मेथी निवडत बसली होती. तो तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला. हेमानं वर पाहिलं, कारण हा माणूस लग्नानंतर तसा कधी बसला नव्हता.

"मला ऐकू कमी येतं," तो म्हणाला.

"हो," हेमा म्हणाली.

"हो म्हणजे?"

"दोन वर्षं झाली की. मागून हाक मारली तर वळत नाही तुमी. कुकरची शिट्टी कळत नाही. मी तीनदा बोलले तुमाला. एकदा तर डॉक्टरची वेळ घेऊन आले होते."

"मग मी काय म्हणलो?"

"हं म्हणलाव."

"मग अबोलीला मी हातावरून बोलायचो, तेव्हा तू गप्प कामून बसलीस?"

हेमानं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "मला वाटलं, माणसाचं बोलणं तेवढं ऐकू येत नाही तुमाला. गाणं येतं. गाण्यातलं मला काय कळतंय? तुमच्या कानाला सगळं गाव मानतं. मी कोण बोलणार?" मग ती म्हणाली, "पुण्याच्या फॉर्मची तारीख शुक्रवारी गेली. तिनं नाही भरला."

शुक्रवार. आणि सारंग आला रविवारी. दोन दिवस. उद्धव भिंतीला टेकला. आयुष्यभर लोकांच्या बेसुरावर बोट ठेवत फिरलेल्या माणसाला बोट कुठं ठेवावं ते कळेना.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन अबोलीच्या खोलीत गेला. ती पलंगावर बसून केमिस्ट्रीची वही उतरवत होती. त्यानं लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला, सगळ्या फायली ओळीनं उघडून.

"वाच," तो म्हणाला. "वरची ओळ आणि धारेचा आकडा. एवढंच वाच."

ती वाचायला लागली. प्रोग्रॅम तिला नवा नव्हता, पण वरच्या ओळी तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. एकेक फाईल ती पुढं सरकवत गेली. चौथ्यानंतर तिचा हात मंदावला.

"अबोलीचा हात कमजोर झाला आहे. इलाज नाही," तिनं मोठ्यानं वाचलं. "हे लिहून ठेवत होते तुमी?"

"हो."

"तारखेसकट."

"अबोली, तुझा हात कमजोर नव्हता. माझे कान गेलेत. बारीक आवाज मला येतच नाही. काल कळलं, आज लॅबमध्ये बघून आलो. आवाज बसत नव्हता, मी बसत होतो. आणि मी तो आकडा चढवत गेलो, आणि तुला बोलत गेलो. चुकलं माझं. लय मोठं चुकलं." हे तो जाताना घोकून गेला होता, तरी शेवटाला त्याचा आवाज चिरकला.

अबोलीनं स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"मला टोचायचं, बाबा," ती म्हणाली. तो ओठांकडे बघत होता म्हणून त्याला कळलं. "पहिल्यांदा थोडं, मग लय. महोत्सवाच्या आधी तर डोकं दुखायचं. मी कानात कापूस घालून वाजवायचे."

"स्टेजवर?"

"स्टेजवर सुद्धा."

"अगं, मग मला सांगायचं होतं."

"काय सांगू?" आता तिनं वर पाहिलं. "तुमी डोळे मिटून म्हणायचे, बसका आहे, बसका आहे. मला टोचायचं. दोघांपैकी एकाचे कान बिघडलेले असणार, एवढं मला कळत होतं. मग मला वाटलं, माझेच बिघडले. तुमचे कसे बिघडतील?"

उद्धवला बसवेना आणि उठवेना. परभणीच्या त्या हॉलमध्ये आपली पोरगी कापसाचे बोळे कोंबून, स्वतःचं वाजवणं स्वतःला धड ऐकू न येता, पाच मिनिटं एकही सूर न चुकवता वाजवत होती, आणि समोरच्या रांगेत आपण मान डोलवत होतो. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

"तुझा हात चांगला आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून चांगला होता. मी सांगतो ना तुला."

"तुमी कसं सांगता?" अबोली म्हणाली. रागानं म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं. तिनं गणितातली शंका विचारावी तसं विचारलं. "तेव्हा वाईट आहे म्हणलाव, ते ऐकू न येता. आता चांगला म्हणायलाव, ते तरी कुठं ऐकून?"

पोरीचा हात चांगला आहे हे जगात सगळ्यांत आधी ज्यानं ओळखलं होतं, त्याच्याच शब्दाला आता काही मोल उरलं नव्हतं. आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं होतं.

अबोली उठली. स्टूल ओढलं, माळ्यावरची गिटार खाली घेतली. खोळ काढली, तारा ताणून सुरात लावल्या. उद्धव घाईनं म्हणाला, "थांब, पेडल आणतो. तू आकडा सांग, मी घालतो. तू म्हणशील तो. नाहीतर एक नॉब काढून तिथं धारेचा देतो, तूच फिरव."

"पेडल नको," ती म्हणाली. केबलही लावली नाही तिनं. ही विजेवरची गिटार, अँपशिवाय वाजवली तर आवाज केसाएवढा बारीक येतो. तिनं डाव्या हाताची बोटं तारेवर दाबली आणि ओठ आवळला. महिनाभरात टोकांचे घट्टे उतरले होते. उजव्या हातानं तिनं एक ओळ वाजवली. उद्धवला बोटं हलताना दिसली. मग तिनं खाली मान घालून काहीतरी म्हटलं.

एरवी तो "हं" म्हणाला असता.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "परत सांग."

तिनं मान वर करून, त्याच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सावकाश सांगितला. "मला थोडे दिवस एकटीला वाजवू द्या. तुमी बाहेर बसा."

तो उठला. लॅपटॉप मिटून काखेत घेतला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. हेमा ओसरीत दिवा लावून उभी होती. उद्धव दाराशी थांबला, कान लाकडाला लावला, मग बाजूला झाला. पंख्याचा आवाज येत होता, रस्त्यावरून एक टेम्पो गेला तो आला. दारापलीकडून काही नाही.

"हेमा," त्यानं विचारलं, "वाजवायलीय का?"

हेमा जवळ आली. पदरानं हात पुसत तिनं दाराकडे कान दिला.

"वाजवायलीय," ती म्हणाली.